मारेकऱ्याला सगळं माहीत असू नये

अरे,

तुझी गोष्ट काल रात्री वाचली, दोनदा. कल्पना झकास आहे, २१९० मधला एआय मारेकरी मागे पाठवतो, थेट १४ जानेवारी १७६१, पानिपत, विश्वासरावांना उडवायला. पण खरं सांगू का, पाच पानं टरकलो आणि मग जांभया द्यायला लागलो. कारण तुझ्या एआयला सगळंच ठाऊक, आणि एक मारेकरी फसला की दुसरा पाठवतो, मग तिसरा. मग मी घाबरायचं कशाला?

टर्मिनेटर सिनेमा परत बघ, १९८४चा पहिला, पुढचे सध्या राहू देत. भविष्यातल्या युद्धात रेकॉर्ड जळालेत, त्यामुळे तिथून मागे आलेल्या त्या मारेकरी यंत्राला ज्या बाईला मारायचंय तिचं फक्त नाव आणि शहर माहितीये. तो फोन बूथमधल्या माणसाला ओढून बाहेर काढतो, टेलिफोन डिरेक्टरी उघडतो, बोट फिरवतो आणि सापडतात तीन सारा कॉनर! मग यादीप्रमाणे मारत सुटतो. अंगावर काटा येतो तो त्या बोटामुळे, बंदुकीमुळे नाही. आणि जिवंत मांसाच्या आवरणाशिवाय काही मागे येत नाही, म्हणून भविष्यातली शस्त्रं नाहीत, कपडेसुद्धा नाहीत, सगळं इथूनच लुबाडायचं.

आता तुझ्याकडे बघ. विश्वासरावांचा फोटो कुठून आणणार तुझा रोबो? विशीही न गाठलेला पोरगा, फार देखणा, एवढंच सगळे सांगतात. छावणीत सैनिक, बुणगे, यात्रेकरू, उपासमार चाललेली, त्यात देखणा चेहरा शोधायचा म्हणजे काय ते लिही ना! गालफडं बसलेल्या पोरांमधून तो फिरतोय आणि प्रत्येकाकडे जरा जास्तच वेळ बघतोय, हा सीन मला हवाय.

अजून एक, पानिपत म्हटलं की लोकांना नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' आठवणारच, त्याला इलाज नाही. तिथे विश्वासराव वाचतात आणि इतिहास वळतो. तुझ्याकडे ते मरतात, म्हणजे जे खरंच झालं तेच होतं, मग एआयने एवढा खटाटोप केला कशाला? याचं उत्तर तुझ्याच गोष्टीत पडलंय, तुला दिसलं नाही इतकंच. त्याला आपलाच इतिहास हवाय, कारण त्याच इतिहासात पुढे तो जन्माला येतो. टर्मिनेटरमध्येही तसंच, मारेकरी पाठवला म्हणून वाचवणारा माणूस मागे येतो आणि तोच साराच्या पोराचा बाप निघतो. पण हे कुणी फळ्यावर समजावत नाही हां, तुझा तो प्राध्यापक आणि त्याची दोन पानं आधी काढ.

पुढच्या रविवारपर्यंत फक्त छावणीचा सीन पाठव. आणि वर्ड फाईल पाठव बाबा, पीडीएफवर मला खरडता येत नाही.