सिव्हिलमधले तीन महिने की मलावीतले सहा आठवडे?

प्रश्न : मी पुण्यात एमडी बालरोगशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या सत्रात मला जिल्हा निवासी कार्यक्रमासाठी, म्हणजे डीआरपीसाठी, तीन महिने एका आदिवासी जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये जायचे आहे. अमेरिकेत रेसिडेन्सी करणारी माझी मैत्रीण मात्र ‘ग्लोबल हेल्थ’च्या सहा आठवड्यांच्या नेमणुकीवर मलावीला चालली आहे. डीआरपी म्हणजे हजेरीचा सोपस्कार, असे आमचे सीनिअर सांगतात. मीही परदेशातच अनुभव घ्यावा का?

उत्तर : तुमची मैत्रीण ज्या अनुभवासाठी सातासमुद्रापार चालली आहे, तो तुमच्या अभ्यासक्रमातच बंधनकारक आहे आणि त्या काळात मूळ महाविद्यालयाचे विद्यावेतनही चालू राहते. सप्टेंबर २०२० च्या अधिसूचनेने तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात ही तीन महिन्यांची नेमणूक सक्तीची केली. तिचा सोपस्कार होतो, हे तुमच्या सीनिअरांचे म्हणणे खोटे नाही. सकाळी सही करून दुपारी खोलीवर परीक्षेची पुस्तके उघडणारे निवासी मीही पाहिले आहेत. पण तो दोष नेमणुकीचा नव्हे.

जागतिक आरोग्याचा अभ्यास परदेशातच होतो, हा समज तर आपल्याच राज्यात खोटा ठरलेला आहे. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक विकार आढळले आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के निघाल्या. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने, स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढेच मानणाऱ्या धोरणकर्त्यांना जगभर विचार करायला लावले.

तुमच्या विषयातलेच उदाहरण घ्या. न्यूमोनियाची शंका असलेल्या बाळाचे श्वास मोजायचे, तर दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० ही मर्यादा, वर्षाच्या आत ५०, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४०, हे तुम्हाला पाठ आहे. पण जिला साठपर्यंत आकडेच येत नाहीत, त्या सुईणीने काय करावे? गडचिरोलीत बंग दांपत्याच्या ‘सर्च’ या संस्थेने तिच्यासाठी मिनिटभराचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांची ओळ बसवलेले साधन तयार केले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोहोचलो, तर न्यूमोनिया समजायचा. हे वॉर्डात बसून सुचत नाही, त्यासाठी सुईणीशेजारी बसावे लागते. तुम्हीही आठवड्यातला एक दिवस उपकेंद्रावर एएनएम, म्हणजे तिथली परिचारिका, आणि आशाताईंबरोबर घालवता येईल का, हे पहिल्याच आठवड्यात तिथल्या समन्वयकांना विचारा. मागितले नाही, तर तीन महिने ओपीडीतच जातील.

भाषेचीही तयारी ठेवा. पुण्याचा डॉक्टर नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावला गेला, की तिथली पावरी बोली न कळल्यामुळे तो तिथे परदेशीच असतो. ‘ताप किती दिवस?’, ‘अंगावर पितो का?’, ‘लघवी झाली का?’ एवढी वाक्ये तिथल्या परिचारिकेकडून लिहून घ्या. मलावीत तुम्हाला चिचेवा भाषेसाठी हेच करावे लागले असते, आणि ती येईपर्यंत परतीचे विमान आले असते.

परदेशी जाऊच नका, असे माझे म्हणणे नाही. डीआरपीनंतर अवश्य जा. मात्र जाण्याआधी दोन गोष्टी लेखी विचारून घ्या. तुमच्यावर देखरेख कोण करणार, आणि तुमच्या राहण्या-शिकवण्याचा भार उचलणाऱ्या तिथल्या रुग्णालयाला बदल्यात काय मिळणार? अशा प्रशिक्षणासाठी २०१० साली प्रसिद्ध झालेल्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांतही यजमान संस्थेवरच्या या भाराचा विचार आहे. आणि पुण्यात जी प्रक्रिया तुम्हाला एकटीने करू दिली जात नाही, ती तिथे डॉक्टर कमी आहेत म्हणून करायला मिळत असेल, तर नकार द्या.

प्रश्न : डीआरपीच्या काळात पाड्यांवर जाऊन कुपोषित मुलांची माहिती गोळा केली, तर शोधनिबंध होईल का?

उत्तर : होईल, पण संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी जाण्यापूर्वी हाती हवी, तीन महिन्यांत ती मागून मिळेपर्यंत नेमणूक संपते. आईबापांची संमती त्यांच्या बोलीत समजावून घ्या आणि मुलांचे फोटो मोबाइलवर काढून ठेवू नका. मुख्य म्हणजे सहा महिने ते पाच वर्षांच्या ज्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरेल, ते तीव्र कुपोषित आहे. त्याची भूक आणि पायांवरची सूज तिथेच तपासा आणि गरज दिसली, तर पोषण पुनर्वसन केंद्राला त्याच दिवशी फोन करा. तक्त्यातली नोंद रात्री खोलीवर येऊन केली तरी चालते.