"तज्ज्ञच म्हणतात, मग पोरीला पाठवू कसं?"

"हे क्षेत्र संपणार असं तज्ज्ञ सांगतात, मग त्यात जावं का?" हल्ली आईवडील माझ्याकडे येतात ते बहुतेक हाच प्रश्न घेऊन. कोथरूडच्या एका बापलेकीचा अनुभव सांगते. त्यांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी एमबीबीएस, नीट-पीजीत रँक उत्तम. रेडिओलॉजी, म्हणजे एक्स-रे, सोनोग्राफी बघून निदान करायची शाखा, मिळत होती आणि तिला तीच हवी होती. चॉइस भरायला आठवडा उरलेला. वडील बँकेतून निवृत्त. त्यांनी पिशवीतून प्लास्टिकची फाइल काढली. आत बातम्यांची कात्रणं, लाल पेनाने अधोरेखित केलेली. "एक्स-रे एआय वाचणार, मॅडम. हे मी नाही म्हणत, नोबेलवाले म्हणतात." मुलगी खिडकीबाहेर बघत बसली होती.

धीर द्यायच्या भरात मी म्हणून गेले, "अहो, डॉक्टरकीला कधी मरण नाही." त्यांनी लगेच पेन काढून माझं वाक्य फाइलच्या मागच्या बाजूला लिहून घेतलं. तेव्हा माझी चूक मला कळली. एका भाकिताने घाबरलेल्या माणसाच्या हातात मी दुसरं भाकीत दिलं होतं, तेही बिनतारखेचं.

पुढच्या भेटीआधी त्यांना एक काम दिलं. प्रत्येक कात्रणापुढे लिहायचं: हे कधीपर्यंत होणार, आणि चुकलं तर कळणार कसं? एकोणीस कात्रणांपैकी फक्त चारांना तारीख निघाली. त्यातलं एक एआयचे शास्त्रज्ञ जेफ्री हिंटन यांचं, तेच ते नोबेलवाले. रेडिओलॉजिस्ट घडवणं आता थांबवावं, पाच वर्षांत यंत्र त्यांच्यापेक्षा सरस ठरेल, असं ते 2016 मध्ये म्हणाले होते. फार तर दहा लागतील, अशी पुस्तीही जोडली होती. पाच वर्षं 2021 मध्येच सरली. दिशा खोटी नव्हती. छातीच्या एक्स-रेवरून क्षयरोगाचा संशय टिपायला आज सॉफ्टवेअर वापरतात. पण रिपोर्टखाली सही आजही डॉक्टरचीच असते. माझं मत असं, की यंत्र कसं शिकतं हे हिंटन यांच्याइतकं क्वचितच कुणाला कळत असेल, पण रेडिओलॉजिस्टचा दिवस कसा जातो हे ज्ञान वेगळं.

वडील म्हणाले, "म्हणजे तज्ज्ञांचं ऐकूच नये का?" तसं नाही. मी त्यांना आपल्या शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसची आठवण दिली. हवामान खात्याचं मुख्यालय 1928 मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं, त्यावरून पडलेलं ते नाव. एप्रिलमधला मान्सूनचा अंदाज खातं आकड्यात देतं आणि पाच टक्के इकडेतिकडे होईल हेही सांगतं. 2009 मध्ये सरासरीच्या 96 टक्के सांगितला, पडला 78. आपण नावं ठेवली. पण ती ठेवता आली, कारण आकडा आधी जाहीर होता. फिलिप टेटलॉक या मानसशास्त्रज्ञाने राजकारण आणि अर्थकारणातल्या 284 तज्ज्ञांची भाकितं अशीच वर्षानुवर्षं ताडून पाहिली. 2005 मध्ये त्याने मांडलं, की "जसं चाललंय तसंच चालेल" असल्या साध्या ठोकताळ्यापुढेही बहुतेकांचा निभाव लागत नाही, आणि ज्यांचं नाव जास्त गाजतं ते जास्त चुकतात. थोडे बरे ठरले ते शंका बाळगणारे, नवं काही कळलं की मत बदलणारे.

मग मी मुलीकडे वळले. तोवर तिला कुणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा. इंटर्नशिपमधली एक सोनोग्राफी तिने सांगितली. पोटदुखीची बाई. रेसिडेंट डॉक्टर प्रोब फिरवत होती, मध्येच थांबली, "इथं दाबलं की दुखतं ना?" बाईने ओठ चावला. सुजलेलं अपेंडिक्स नेमकं तिथेच होतं. हे सांगताना मुलीचा तळहात माझ्या टेबलावर हळूहळू सरकत होता. वडील त्या हाताकडे बघत राहिले.

"पण दहा वर्षांनी काय?" त्यांनी विचारलंच.

"दहा वर्षांचं मला नाही सांगता येणार. तीन वर्षांचं तिला विचारा."

मुलीने फाइल पालथी केली, माझं वाक्य खोडलं आणि खाली लिहिलं: 'एमडी होईपर्यंत हे काम मला आवडत राहील, 80 टक्के.' पुढे तारीख घातली.

"आणि उरलेले वीस?" वडील म्हणाले.

"तेही माझेच, बाबा."