काटकसर आणि कंजूषपणा यांत फरक काय? ‘पदरमोड करून मोबाइल घेतला’ हे वाक्य बरोबर आहे का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आमच्या स्वयंपाकघरात आहे. दुधाची पिशवी भांड्यात रिकामी केली की आई तिच्यात घोटभर पाणी घालून खळखळ हलवायची आणि ते पांढुरकं पाणी चहाच्या आधणात ओतायची. ही काटकसर. काही वाया गेलं नाही आणि कुणाचा कपही कमी भरला नाही. पाहुणा चपला घालत असताना ‘चहा घेणार होतात का?’ असं विचारणं हा कंजूषपणा. चिक्कू, चिंगूस, कवडीचुंबक ही सगळी त्याच घरातली भावंडं; त्यातला कवडीचुंबक तेवढा छापील, बाकीचे कट्ट्यावरचे.

खर्चीक वस्तूही असते आणि माणूसही. उधळ्या मात्र माणूसच. गुलाल उधळतात, जेजुरीला भंडारा उधळतात, तो मुठीमुठीने आणि मोजदाद न ठेवता. पैसा तसा गेला की उधळपट्टी.

आता पदरमोड. हा माझा आवडता शब्द. माझी आजी नऊवारी नेसायची. पाकीट वगैरे भानगड नव्हती, नाणी पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवलेली. बाजारात ती गाठ दाताने सोडायची, पैसे मोजायची, पुन्हा घट्ट आवळायची. पुरुषांचे पैसे धोतराच्या कनवटीला. पैसा असा अंगावरच्या कापडात राहायचा, म्हणून तो ‘पदरचा’ किंवा ‘गाठीचा’ झाला आणि शर्ट आल्यावर चाट ‘खिशाला’ बसू लागली.

पण नुसते स्वतःचे पैसे खर्चले म्हणून पदरमोड होत नाही. जो खर्च खरं तर दुसऱ्याने करायचा किंवा सर्वांनी मिळून करायचा, तो आपण सोसला की पदरमोड. वर्गणी कमी पडली आणि मांडववाल्याचे उरलेले पैसे खजिनदाराने स्वतः दिले, ही पदरमोड. गुरुजींनी मुलांसाठी आपल्या पगारातून वह्या आणल्या, तीही. ‘पदराला खार लावणे’ याच्या जवळचंच, पण त्यात नुकसानीची चरफड जास्त.

तेव्हा मोबाइल स्वतःसाठी घेतला असेल, तर तो साधा खर्च. मित्राच्या मोबाइलचे हप्ते तुम्ही भरताय आणि तो आता फोन उचलत नाही, असं असेल तर पदरमोडही झाली आणि खारही लागला.