रोडवरचं बंद हॉटेल आणि त्या दोन भिंती

प्रश्न: सोलापूर-पुणे रोडला आमच्या गावाशेजारी एक हॉटेल किती वर्षं झाली बंद पडलंय. पुढं पेट्रोल पंपाचं नुसतं छत उरलंय आणि बाजूला दोन दगडी भिंती, कशाच्या ते कुणालाच सांगता येईना. पंपाच्या भिंतीवर रंगाच्या पोपड्याखाली 'कॅल' एवढीच अक्षरं दिसतात. हे किती जुनं असेल, आणि एवढं चालणारं हॉटेल बंद का पडलं असेल?
– एक वाचक, मोहोळ तालुका

उत्तर: भिंती म्हणजे सर्व्हिसिंगचा रॅम्प ओ! दोन्हीकडची चाकं दोन भिंतींवर चढवायची आणि मधे खाली माणूस ग्रीस गन घेऊन उभा. जुन्या ट्रकला स्प्रिंगच्या पाट्यांच्या पिना, किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती पिन) सगळीकडं निपल, म्हणजे ग्रीस भरायची बारीक तोंडं, असायचे, वेळेवर ग्रीस मारलं नाही की करकर सुरू, त्यात आपल्याकडचा उन्हाळा, रेडिएटर तापलेलं, मग पाणी घाला, ऑइल बघा, हवा मारा, ह्यात तासभर सहज जायचा आणि तेवढ्या वेळात ड्रायव्हर-क्लीनर जाणार कुठं? समोर बाज, बाजेवर आडवी फळी, फळीवर ताट, कडक भाकरी आणि शेंगाचटणी. मला विचाराल तर हॉटेल पंपापेक्षा ह्या रॅम्पच्या जिवावर चालायचं.

'कॅल' म्हणजे कॅलटेक्स, दुसरं काय असणार. ही परदेशी तेल कंपनी १९७७ च्या कायद्यानं सरकारकडं आली आणि १९७८ ला हिंदुस्थान पेट्रोलियममधे गेली, म्हणजे तो रंग त्याच्या आधीचा. एस्सो १९७४ ला गेली, बर्मा शेल १९७६ ला (तिचंच पुढं भारत पेट्रोलियम झालं), त्यामुळं त्या चार-पाच वर्षांत कितीतरी पंपांवरच्या पाट्या बदलल्या. खालची पाटी कुणी खरवडत बसलं नाही, वरून रंग मारला, म्हणून तुम्हाला आज दिसतेय.

बंद पडायचं कारण बहुतेक डिव्हायडर. रोड चौपदरी व्हायच्या आधी दोन्हीकडच्या गाड्या सरळ आत वळायच्या, नंतर पलीकडच्या गाडीला पुढं जाऊन कट शोधून परत यावं लागतं, चहासाठी कोण येतंय एवढं! अर्धं गिऱ्हाईक तिथंच गेलं. नव्या गाड्यांना सारखं ग्रीसिंगही लागत नाही, मग रॅम्पही रिकामा.

नक्की साल पाहिजे असेल तर त्या गटाचा सातबारा आणि जुने फेरफार काढा, जमीन बिनशेती कधी झाली ते त्यात सापडतं. हॉटेलचं एखादं जुनं बिल मिळालं तर त्यावर हायवे नंबर बघा, २०१० ला ९ चा ६५ झाला. पण एवढ्यावर जाऊ नका, आपल्याकडं अजून ९ च छापणारे आहेत की.