डिजिटल पियानोवरची एका बोटाने कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) वाजवायची सोय वापरल्याने नवशिक्याची सवय बिघडते का?

नाही, फक्त ती डाव्या हाताची कायमची पद्धत होऊ देऊ नका. मी नवशिक्यांना शिकवतो. उजव्या हाताची धून आणि ताल जमेपर्यंत ही सोय खरंच उपयोगी पडते, कारण डावा हात अडून गाणं मध्येच तुटत नाही. यामाहाच्या सिंगल फिंगर पद्धतीत नुसती सी पट्टी दाबली की सी मेजर कॉर्ड वाजते (मेजर, मायनर, सेव्हन्थ हे कॉर्डचे प्रकार). सोबत डावीकडची काळी पट्टी दाबली तर मायनर, डावीकडची पांढरी दाबली तर सेव्हन्थ. कॅसिओत नियम वेगळा आहे: मूळ पट्टीच्या उजवीकडची कोणतीही एक पट्टी जोडली की मायनर, दोन जोडल्या की सेव्हन्थ. म्हणजे इथे बोटं शिकतात तो त्या कंपनीचा संकेत, खरी कॉर्ड नव्हे. सी मायनरमध्ये खरे स्वर सी, ई फ्लॅट आणि जी असतात. साध्या पियानोवर तेच दाबावे लागतात. म्हणून धून न अडखळता येऊ लागली की सेटिंग बदलून ‘फिंगर्ड’ करा आणि त्याच गाण्यातली एकेक कॉर्ड तिन्ही बोटांनी धरा. सुरुवातीला वेग निम्मा ठेवा. मात्र केवळ साथ देत गाणं म्हणायचं असेल, तर एका बोटाची पद्धत खुशाल चालू ठेवा.