सरकारी पैसा आणि मुलांचे मानसोपचार

प्रश्न : अमेरिकेत किशोरवयीन मुलांच्या ज्या निवासी मानसोपचार केंद्रांना सरकारी पैसा मिळतो, त्यांच्यावर देखरेख कोणाची असते?

उत्तर : ही जबाबदारी विभागलेली आहे, आणि मुलांकडे दुर्लक्ष होते ते बहुधा त्यामुळेच. परवाना आणि तपासणी राज्यांकडे असते. गरीब कुटुंबांतील मुलांचा खर्च फेडरल सरकार व राज्ये मिळून ‘मेडिकेड’ योजनेतून उचलतात आणि त्या पैशाबरोबर फेडरल नियम लागू होतात. त्यांनुसार ९ ते १७ वयाच्या मुलाला जखडण्याचा किंवा एकटे कोंडण्याचा कोणताही एक आदेश २ तासांपेक्षा अधिक चालत नाही. मृत्यू, गंभीर इजा वा आत्महत्येचा प्रयत्न घडल्यास कामकाजाच्या पुढच्या दिवसाअखेरपर्यंत राज्याच्या मेडिकेड कार्यालयाला, तर पालकांना २४ तासांच्या आत कळवावे लागते.

नियम कडक आहेत, पण ते संस्थेने स्वतःहून खरे कळवण्यावर अवलंबून आहेत. सिनेटच्या वित्त समितीने जून २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात अशा केंद्रांतील शारीरिक व लैंगिक अत्याचार, अपुरे कर्मचारी आणि निकृष्ट उपचार यांची नोंद आहे. डिसेंबर २०२४ मध्ये यासंबंधी कायदाही झाला. मात्र त्याचा भर राष्ट्रीय अकादमींकडून (विज्ञान, वैद्यक अशा विषयांवर सरकारला सल्ला देणाऱ्या संस्थांकडून) अभ्यास करून घेण्यावर आहे. माझ्या मते पूर्वसूचना न देता भेट देणे आणि कर्मचारी समोर नसताना मुलाशी बोलणे, एवढे तरी प्रत्येक राज्याने आताच बंधनकारक करावे.