घुमट नंतर, आधी वही

अगं, तुझे तिन्ही व्हॉइस मेसेज ऐकले. पहिला ऐकून लई आनंद झाला, तिसरा ऐकून मात्र धास्तीच वाटली. गावामागच्या टेकडीवर ग्रामपंचायत वेधशाळेला जागा द्यायला तयार, पुण्यातला कुणीतरी गाववाला पैसे द्यायला तयार, सरपंचांना २६ जानेवारीला नारळ फोडायचाय, आणि तू मला विचारायलीस की सर, आठ इंची घ्यावा का दहा इंची. टेलिस्कोपचं नंतर बघू. त्या टेकडीवर आजपर्यंत किती रात्री काढल्यास ते आधी सांग. दोन? तीन? त्यातली एक तर कोजागिरीची असणार, म्हणजे दूध पिण्यातच गेली.

ओरडत नाही तुला, मी स्वतः तोंडावर पडलोय म्हणून सांगतोय. वीस-बावीस वर्षं झाली, एका कॉलेजच्या मागच्या माळावर आम्ही घुमट उभा केला, उन्हाळ्यात काम केलं, चांगला जाडजूड स्लॅब टाकला आणि दिवाळीत पोरांना शनी दाखवायचा म्हणून रात्री जागवलं. शनी कसला दिसतोय, उकळत्या पाण्याच्या तळाशी पडलेल्या चवलीसारखा नुसता हलायला लागला. आपला काळा दगड आणि तो स्लॅब, दिवसभर ऊन पिऊन बसलेला, अर्ध्या रात्रीपर्यंत वरची हवा तापवत राहतो, ती नेमकी टेलिस्कोपच्या समोरून वर जाते. त्यात पश्चिमेला साखर कारखाना. पावसाळा संपून आभाळ धुतल्यासारखं होतं आणि तेवढ्यात गळीत हंगाम सुरू, मग चिमणीचा धूर, यार्डातले फ्लडलाइट, रानात पेटवलेलं पाचट. आम्ही जागा बघायला गेलो होतो मे महिन्यात, कारखाना बंद असताना! आज त्या घुमटात गणपतीच्या मांडवाचे बांबू ठेवतात.

आता मोठी माणसं हे काम कसं करतात ते ऐक. चिलीत अटाकामा वाळवंट आणि त्याच्या दक्षिणेचे कोरडे डोंगर आहेत. १९६० च्या सुमारास युर्गन स्टॉक नावाचा जर्मन खगोलशास्त्रज्ञ तिथं थोड्या दिवसांसाठी म्हणून गेला आणि घोड्या-खेचरांवरून डोंगर पालथे घालत राहिला. छोटा टेलिस्कोप, तंबू, आणि रात्री बसून तारा किती थरथरतो ते लिहून ठेवायचं, एवढंच काम. त्याच्या त्या रटाळ नोंदींवर सेरो टोलोलोची वेधशाळा उभी आहे. नंतर युरोपवाल्यांच्या ईएसओ या खगोलसंस्थेनं अटाकामातला पारानाल डोंगर बघितला, त्यांच्याकडं ला सिया ही चालू वेधशाळा आधीच होती, रस्ता, पाणी, वीज सगळं होतं. तरी १९८३ पासून पारानालवर मोजमाप केलं आणि १९९० च्या डिसेंबरात निर्णय घेतला. मग सुरुंग लावून माथा २८ मीटर उतरवून सपाट केला आणि २,६३५ मीटरवर ८.२ मीटरच्या आरशांच्या चार दुर्बिणी बसवल्या. सुरुंग शेवटी, वही आधी.

आणि गंमत सांगू, पारानालला पाणी टँकरनं येतं. अँटोफागास्टा शहरातून, शंभर-सव्वाशे किलोमीटरवरून. २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी आलेलं तू बघितलंयस, त्यामुळं तुला वेगळं सांगायला नको. पण आपल्याला शाप वाटणारा कोरडेपणा तिथं भांडवल आहे. किनाऱ्याला हम्बोल्टचा थंड प्रवाह, त्यामुळं ढग खालीच अडकून बसतात आणि माथा त्यांच्या वर कोरडा राहतो, पूर्वेकडची ओल अँडीज पर्वत अडवतो, आणि समुद्रावरून येणारी हवा गडबड न करता सरळ वाहते. ते शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं बघ. काळंभोर आभाळ अर्धंच काम करतं, हवा शांत पाहिजे. याला सीइंग म्हणतात, आर्कसेकंदात मोजतात. रुपयाचं नाणं चार-पाच किलोमीटरवरून जेवढं दिसेल तेवढा एक आर्कसेकंद, आणि पारानालला चांगल्या रात्री तारा त्याहून बारीक दिसतो. तिथं दिवसा घुमट आतून थंड करून ठेवतात, संध्याकाळी उघडला की आतली-बाहेरची हवा सारखी असावी म्हणून. हे वाचलं तेव्हा आमचा तो स्लॅब आठवून मी कपाळावर हात मारला.

आपल्याकडंही आहे की, लडाखात हानले, साडेचार हजार मीटरवर, थंड वाळवंटच ते. दोन मीटरची हिमालयन चंद्रा दुर्बीण तिथं आहे आणि ती चालवतात बंगळुरूजवळच्या होसकोटेहून, उपग्रहामार्फत. हिमालय मान्सून अडवतो म्हणून तिथं पावसाळ्याचा त्रास कमी. आपणही सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतच, पण आपल्याला चार महिने ढग मिळतात आणि पाऊस मिळत नाही, दोन्हीकडून मार! औंढा नागनाथला लायगोसाठी, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेसाठी, जागा निवडली तेव्हासुद्धा आधी जमिनीची थरथर मोजली, कारण त्यांच्या चार किलोमीटरच्या भुजांना लांबून जाणारा ट्रकही नडतो.

तर तू काय करायचं. तुझ्या मामाचा तो सहा इंची डॉबसोनियन टेलिस्कोप माग, तेवढा पुरे. अभिजित ताऱ्याजवळ एप्सिलॉन लायरी म्हणून तारा आहे, त्यात दोन जोड्या आहेत, प्रत्येक जोडीतलं अंतर सव्वादोन-अडीच आर्कसेकंद. दोन्ही जोड्या स्वच्छ फुटून दिसल्या तर लिही ‘फुटल्या’, नाही तर ‘लगदा’. आठ वाजता एकदा, अकराला एकदा, जमलं तर पहाटे. हिवाळ्यात तो मावळला की मिथुन राशीतला कॅस्टर हा जोडतारा घे, तो जरा सोपा आहे म्हणून वेगळ्या रकान्यात लिही. ढग असले तरी वर जाऊन ‘ढग’ म्हणून लिहायचं, घरी बसून अंदाजानं नाही, कारण चांगल्या रात्रीच लिहिल्या की वही खोटं बोलायला लागते. वारा कुठून, दव पडलं का, कारखान्याचा उजेड कुठवर चढला, रब्बीला रात्रीची लाइट आल्यावर मोटरी चालू करायला किती बॅटऱ्या फिरल्या, सगळं टाक. शेजारच्या दुसऱ्या टेकडीवरही तेच कर, ती ग्रामपंचायतीची नाही हे मला माहितीय, तरी कर. एकटी जाऊ नकोस, भावाला घे, बूट घाल, काठी घे, विंचू लई आहेत तिकडं.

सरपंचांशी मी बोलतो. २६ जानेवारीला नारळ फोडायचाच असेल तर शाळेच्या मैदानात टेलिस्कोप लावून पोरांना चंद्र दाखवू, त्याला घुमट लागत नाही. देणगीदाराला सांग पैसे बँकेत राहू दे, पुढच्या दिवाळीला बघू.

आज आभाळ मोकळं दिसतंय. जायलीस तर अकराचं रीडिंग मला टाक, मी जागाच असतो.

तुझे,
सर




ता. क. वही शंभर पानीच घे, आणि पेन नको, पेन्सिल. दवात शाई पसरते.